अर्पणाचा घेवडा

पोळा झाला आणि पावसाने जे धरलं ते दसरा उलटला तरी सोडेना. एरवी कुरणवाडीच्या माळावर पाऊस म्हणजे घाईतला पाहुणा, चहा होईस्तोवरही न थांबणारा. यंदा विहिरीचं पाणी काठावरून हाताने घ्यावं इतकं वर आलं. बांधाच्या खालच्या अंगाला पाय टाकला की चप्पल चिखलातच राहायची आणि पाय नुसता वर यायचा.

सकाळी गुरांचं आवरलं की दीना घेवड्याच्या तुकड्यात जाऊन उभी राही. आदल्या दिवशी हिरवी दिसलेली ओळ दुसऱ्या दिवशी मान टाकलेली असे. रोप उपटलं की मुळाची साल बोटांत निघून येई आणि कुजल्याचा आंबूस वास सुटे. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी नंबराची पाटी होती. पाट्या तेवढ्या ताठ उभ्या होत्या.

तिचा नवरा फिलिप बांधावरूनच विचारी, "आज किती गेल्या?"

"मोजायचं सोडलंय आता," ती म्हणे.

हा तुकडा साधा नव्हता. चार वर्षांपूर्वी नगरच्या संशोधन केंद्रातल्या संस्कृती मॅडम जुनं बियाणं शोधत गावोगाव हिंडत होत्या. दीनाच्या सासूकडे, बनुबाईकडे, त्यांना घेवडा मिळाला. तांबूस, अंगावर काळसर रेघा असलेला. बनुबाईने तो माहेराहून आणला होता आणि राखेत घालून मडक्यात जपला होता. आमटी अशी दाट व्हायची की भाकरी बुडवली तर वर काढताना जड लागायची. पण वेल रानभर पसरायचा, शेंगा एकदम वाळायच्या नाहीत, आणि शिजायला अख्खी दुपार जायची.

"आता पोरी नोकरीवर जातात, दीनाताई," मॅडम म्हणाल्या होत्या. "गॅसवर इतका वेळ घेवडा कोण ठेवणार? आणि पाकिटातली तयार भाजी करणारे म्हणतात, दाणा मऊ पाहिजे पण फुटायला नको. चव आजींच्या घेवड्याची ठेवून बाकीचं बदलता येतं का, ते बघायचंय."

मॅडमनी केंद्रावर बनुबाईच्या घेवड्याचा संकर एका बुटक्या, लवकर येणाऱ्या वाणाशी केला. त्यातून निघालेलं बी त्यांनी चार-पाच गावांत वाटलं, आणि कुरणवाडीत ते दीनाच्या वाट्याला आलं. झाडं बघायची, रोगट उपटायची, चांगल्या झाडाला रंगीत लोकरीचा धागा बांधायचा, त्याचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या हंगामाला पुन्हा पेरायचं. शेजारणींनी विचारलं तर दीना सांगे, "आय आमच्या घरची हाय, बाप भायेरचा. लेकरं कुनावर जात्यात ते बघतीय." बायका हसत. पण धागे बांधताना दीनाला हसू येत नसे. कोणतं झाड कोणत्या ओळीतलं, ते तिला भाचे-पुतणे आठवावेत तसं पाठ होतं.

पाऊस थांबला तेव्हा सगळ्या तुकड्यात खालच्या बाजूच्या पाच ओळी उभ्या होत्या. एकाच वाणाच्या. त्याच पाण्यात, त्याच चिखलात बाकी सगळं कुजलं आणि ह्या ओळी गुडघाभर उंचीवर शेंगांनी लगडून राहिल्या. दीनाने मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "केंद्रावरचं सगळं पाण्यात गेलं, ताई. दुसऱ्या गावांतलंही. तुमच्याकडचं जपा. मी मंगळवारी येते. अर्धं बी इकडे घेऊन जाते, अर्धं तुम्ही तिथंच पेरा."

पाच ओळींचं मिळून पायलीभर बी झालं. दीनाने ते अंगणात गोणपाटाच्या चवाळ्यावर वाळवलं. बनुबाई शेजारी बसून निवडत होती. दाणा टपोरा, तांबडा, रेघा बनुबाईच्या जुन्या घेवड्यासारख्याच पण बारीक.

"देखना हाय गं," बनुबाई दाणा उन्हात धरून म्हणाली.

"आत्याबाई, चार वर्सांतला सगळ्यात निवडक हाय ह्यो," दीना म्हणाली. "याच्या तोडीचं घरात काय न्हाई आज."

तिने बी पांढऱ्या पिशवीत भरलं आणि खुंटीला टांगलं. शनिवारी केडगावहून लेकीचा, प्रार्थनाचा, फोन आला. नातवाला ताप होता आणि जावई ड्युटीवर. दीना दुपारच्या एसटीने गेली.

रविवारी संध्याकाळी ती परत आली. नातवाचा ताप उतरला होता. तिने पाय धुतले, गायीला वैरण टाकली, आत आली आणि खुंटीकडे बघितलं. खुंटी मोकळी होती.

"आवो, पिशवी कुठं ठिवली?"

फिलिप चुलीपुढे बसून शेंगदाणे भाजत होता. त्याने वर बघितलं नाही. "आयला विचार."

बनुबाई कॉटवर बसली होती. अजून सणाचं लुगडं अंगावर होतं. आज हंगामाचा सण होता. गावातली आणि वस्तीवरची ख्रिस्ती घरं आपापल्या पिकातलं काही ना काही मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, अर्पण करतात. कुणी बाजरी, कुणी कांदे, कुणी कोंबडी. उपासना झाली की पाळकसाहेब बाहेर मांडवात लिलाव करतात. दीनाच्या डोक्यातून सण नातवाच्या तापात पार गेला होता.

"अर्पन केला," बनुबाई म्हणाली.

"कोनता? मडक्यातला?"

"मडक्यातला जुना हाय. त्याला भुंगा लागलाय. ह्या साली पावसानं सगळं नेलं, एवढं एक राखलं. राखनाऱ्याला भुंगा लागलेला द्यायचा व्हय?"

"आत्याबाई, त्ये बी हुतं."

"तूच म्हनलीस, सगळ्यात निवडक."

चुलीवर शेंगदाणे तडकत होते. दीनाला ओरडावंसं वाटलं, पण कशावर ओरडायचं तेच सापडेना. म्हातारीने काही चोरलं नव्हतं, लपवलं नव्हतं. लहानपणापासून जे ऐकलं, जे ह्याच घरात दीनालाही शिकवलं, तेच केलं होतं.

"कुनी घेतला लिलावात?" शेवटी तिने फिलिपला विचारलं.

फिलिपने तवा खाली उतरवला. "कानिफनाथनं."

यापेक्षा दुसरं कुणाचंही नाव बरं होतं. कानिफनाथची जमीन त्यांच्या बांधापलीकडे. उन्हाळ्यात त्याच्या ट्रॅक्टरने बांध फोडला म्हणून फिलिपने वाटेवर काटेरी तार ओढली. कानिफनाथने तहसीलात अर्ज दिला. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले तरी एक जण मोबाईल काढून बघत राही. कानिफनाथ सुप्याच्या एमआयडीसीत कामगारांसाठी मेस चालवायचा आणि सणाच्या लिलावाला दर वर्षी येऊन मेससाठी धान्य, भाजी घेऊन जायचा.

"मंग तुमी गप बसला?"

"देवापुढं ठिवलेलं मी मागारी मागू? समद्या मंडळीदेखत? आन त्याच्याकडून?" फिलिप म्हणाला. "मला वाटलं, मॅडमकडं असंल आजून."

"न्हाई मॅडमकडं. कुनाकडंच न्हाई."

फिलिपने तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे. बनुबाईने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या रात्री ती जेवली नाही. फिलिपने कानिफनाथला फोन लावला, तर तो लागेचना. बहुतेक त्याने फिलिपचा नंबर बंद करून ठेवला होता.

उजाडायच्या आधी दोघं मोटारसायकलवर निघाले. धुकं पडलं होतं. फिलिपच्या पाठीआड बसूनही दीनाचे हात गारठले. वाटेत ती फक्त एकदा बोलली. "तुमी बोलू नगा. मी बोलते."

मेस म्हणजे पत्र्याचं लांब शेड. आत दोन मोठ्या शेगड्या भडकलेल्या, एका कोपऱ्यात स्टीलच्या डब्यांचा ढीग. आचारी पुंजाराम कढईत तेल ओतत होता. त्याच्या पायाशी पातेलं होतं आणि पातेल्यात घेवडा. रात्रभर पाण्यात फुगून दुप्पट झालेला. पाणी तांबूस झालं होतं.

दीना पातेल्यापुढे खालीच बसली. तिने हात घातला, मूठभर दाणे वर काढले. काहींची साल सुटली होती, काही दुभंगले होते. पुष्कळ मात्र अख्खे होते, डोळ्यापाशी फुगलेले.

"एवढाच हाय?" तिने विचारलं.

"निम्मा राती केला," पुंजाराम म्हणाला. "ह्यो आत्ताच्या डब्याला. का बरं?"

मागून कानिफनाथ आला. गळ्यात टॉवेल, हातात हिशेबाचा मोबाईल. फिलिपला बघून तो दारातच थबकला.

"फिलिप, तू? माझ्या दारात?"

दीनाच उभी राहिली. "भावजी, ह्यो घेवडा मला पायजे."

"का? वैनी, पैसं मोजून घेतलाय म्या. बनुमावशीच्या हातचा म्हनून चढी बोली लावली. कुनाचा हिसकून न्हाई आनला."

"कोन म्हनतंय हिसकून आनला? तुमचाच हाय. म्हनून तर मागाया आले."

मग तिने सांगितलं. मॅडम, चार वर्षं, पाच ओळी. कानिफनाथ ऐकत होता आणि मधूनमधून पातेल्याकडे बघत होता. पुंजाराम हसला. "भिजलेला पेरनार व्हय? उसळच उगवंल की."

"उगवंल न्हाई तर न्हाई," दीना म्हणाली. "पन शिजला तर नक्कीच उगवनार न्हाई."

कानिफनाथ हसला नाही. "आन डब्यात काय देऊ? कंपनीची गाडी येईल आत्ता. उपाशी ठिवू का पोरांना?"

"बेसन हाय?"

"हाय."

"मंग पिठलं करा."

"एवढ्या मान्सांच्या पिठल्याला कांदा चिरायचा कुनी? दोन पोरं गावाला गेल्यात."

फिलिपने स्वेटर काढला, खुंटीला अडकवला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि कांद्याच्या गोणीपाशी जाऊन बसला.

"सुरी दे," तो पुंजारामला म्हणाला.

कानिफनाथ क्षणभर त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने पातेलं स्वतः तिरपं केलं आणि पाणी मोरीत ओतून दिलं. "चला वैनी. टेम्पोनं सोडतो. मोटारसायकलवर सांडंल."

वाटेत दीनाने मॅडमना फोन लावला. मॅडम झोपेतून उठल्या असाव्यात, पण त्यांनी काय झालं हे दोनदा विचारलं नाही. "पूर्ण निथळू द्या. साल फुटलेले, दुभंगलेले बाजूला काढा. बुरशी लागू नये म्हणून मी दिलेली पावडर आहे ना, ती हलक्या हाताने चोळा. आणि आजच्या आज एकेक दाणा खळग्यात टोबा, ताई. जमीन नुसती ओलसर पाहिजे, चिखल नको. वरून पाणी देऊ नका लगेच."

टेम्पो माळावरून उतरून बांधापाशी आला आणि थांबला. पुढे तार होती. उन्हाळ्यापासून तशीच, तिला आता वेलींनी वेढलं होतं. इथून विहिरीजवळचा तुकडा हाकेच्या अंतरावर, पण टेम्पो जाणार नव्हता. कानिफनाथने तारेकडे बघितलं. दीनाने मान खाली घातली. तो खाली उतरला आणि त्याने तारेचा वरचा पदर दोन्ही हातांनी उचलून धरला. ती वाकून पलीकडे गेली आणि तिने चुंबळ केल्यावर त्याने पातेलं तारेवरून तिच्या डोक्यावर नीट बसवून दिलं.

विहिरीजवळ फिलिपने कांद्याच्या लागणीसाठी वाफे तयार करून ठेवले होते. माती भुसभुशीत, पाणी निथळून वापशावर आलेली. आख्ख्या रानात तेवढीच जागा पेरण्याजोगी होती. बाकी ठिकाणी अजून ढेकळं ओली होती. मेसमधून निघतानाच दीनाने त्याला विचारलं होतं, घेवडा तिथं लावू का. तो म्हणाला होता, "कांदा मागं राहू दे." एवढंच. रोप तयार होऊन वाट बघत होतं आणि कांद्याला उशीर म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं.

ती दाणे निवडत बसली. थोड्या वेळाने शेजारी सावली पडली. बनुबाई होती. हातात खुरपं आणि बसायला पोत्याचा तुकडा.

"तुमच्यानं व्हनार न्हाई, आत्याबाई. गुडघं हायेत का तुमचं?"

"बसून करते."

ती खरंच बसून करू लागली. पोतं पुढे सरकवायचं, त्यावर बूड टेकवायचं, खुरप्याच्या टोकाने खळगा करायचा, दाणा ठेवायचा, माती लोटायची. मग हातावर भार देऊन पोतं पुन्हा पुढे. दीना वाकून टोबत तिच्या पुढे गेली, वाफा संपवून परत आली, तरी म्हातारी मध्यातच होती. ऊन चढलं. बनुबाईच्या कानामागून घाम गळत होता.

"तुमी मला विचारायचं हुतं," दीना एकदम म्हणाली.

"देवाला द्यायचं कुनाला विचारून देत्यात?"

"मला. त्यातली मेहनत माझी हुती."

बनुबाईने खळगा केला. दाणा ठेवला. "विचारलं आसतं तर तू मडक्यातला दिला आसतास."

"व्हय. दिला आसता."

"मंग?"

दीनाला रागही आला आणि म्हातारीचं म्हणणं खोटं नाही हेही कळत होतं. ती पुढच्या वाफ्यावर गेली. पण जरा वेळाने तिने डोक्यावरचा टॉवेल सोडला, विहिरीच्या पाण्यात बुडवून पिळला आणि सासूच्या डोक्यावर ठेवला.

"ह्या दाण्याचं डोळं वरतं ठिवू का खालतं?" बनुबाईने विचारलं.

"आडवा ठिवा."

सूर्य कलायच्या आत काम झालं.

फिलिप दिवस मावळताना आला. डोळे लाल, सुजलेले. कपड्यांना कांद्याचा वास इतका की कुत्रंही जवळ येऊन मागे सरलं.

"समदं झालं?" त्याने विचारलं.

"झालं. तुमचं?"

"गोनी चिरली. मंग भांडी बी घासायला लावली त्यानं." तो ओट्यावर बसला, पाय पुढे पसरले. "पन जेवू घातलं. रातचा घेवडा राहिला हुता थोडा, त्यो मला वाढला."

दीना दारात आली. "ह्योच? आपला?"

"व्हय. पुंजाराम म्हनत हुता, दोन शिट्ट्यांत झाला. त्यो राजमा करतो तवा पाच-सहा घ्यायला लागत्यात. पोरांनी दोन-दोनदा मागून घेतला म्हनं."

"कसा लागतो?"

फिलिपने जरा विचार केला. "बरा लागला की. भूक लागल्ती."

चार वर्षं. एक एक दाणा तिने पेरायला ठेवला होता. ह्या ओळीतला एकही दाणा कधी तिच्या तोंडात गेला नव्हता. बिहारची, युपीची पोरं जेवली, कांद्याच्या गोणीपाशी बसलेला तिचा नवरा जेवला. "मला आनायचा हुता वाटीभर," ती म्हणाली.

"डबा न्हवता," फिलिप म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने नजर खाली केली. "ध्यानात आलं न्हाई, दीना."

मंगळवारी मॅडम आल्या. त्या वाफ्यांवरून चालल्या नाहीत, कडेलाच उकिडव्या बसल्या आणि मातीकडे बघत राहिल्या, जणू काही दिसेल. चेहरा उतरलेला होता, पण त्यांनी कुणाला बोल लावला नाही. बनुबाईने त्यांच्यासाठी चहा आणला, तेव्हा त्यांनी उठून कप घेतला. म्हातारीने कप देताना नजर चुकवली.

"निम्मं उगवलं तरी पुष्कळ," मॅडम म्हणाल्या. "आणि निम्म्याहून कमी आलं तर..." त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं आणि फिलिपकडे वळल्या. "तुम्ही खाल्लात ना? दाणा फुटला होता का? साल वेगळी लागत होती? रस्सा दाट होता की पातळ?"

"मॅडम," फिलिप ओशाळून म्हणाला, "मी जेवत हुतो. परीक्षा न्हवतो घेत."

मॅडम पहिल्यांदा हसल्या.

मग वाट बघणं आलं. भुसभुशीत मातीवर दव पडून, ऊन तापून पापुद्रा धरला. चौथ्या-पाचव्या दिवशी दीनाने वाफ्यापाशी डोकं टेकून आडवं बघितलं, तेव्हा माती कुठे कुठे फुगल्यासारखी, तडकल्यासारखी वाटली. तिने नखाने पापुद्रा उचलला. खाली वाकलेली फिकट मान होती. जोर लावून दमलेली.

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस दोघी सासू-सुना वाफ्यांत बसून पापुद्रा मोकळा करत राहिल्या. बोटांनी, काडीने, मोडक्या चमच्याने. जोर जास्त झाला तर मान तुटे. कमी झाला तर काही होत नसे. काही खळग्यांत नुसता बुळबुळीत कुजलेला दाणा निघे. तो दीना मुकाट्याने बाजूला टाकी. बनुबाई मात्र प्रत्येक कुजलेला दाणा हातात घेऊन जरा वेळ बघत राही.

शेवटी जे आलं ते विरळ आलं. ओळीत दोन झाडांमध्ये बैल बसेल एवढं अंतर, असं फिलिप म्हणायचा. पण आलं.

"देवानं मागारी दिलं," बनुबाई एका सकाळी ओट्यावरून म्हणाली.

"देवानं न्हाई," दीना म्हणाली. "कानिफभावजींनी दिलं."

"त्याच्याकडं कोन गेल्तं?"

"मी गेल्ते."

"तेच तर म्हनते मी," बनुबाई म्हणाली आणि जपमाळ ओढावी तशी लसूण सोलत बसली.

दीनाला त्या 'तेच'चा अर्थ नीट लागला नाही.

पौषात थंडी चांगली पडली, झाडांनी अंग धरलं. जागा मोकळी असल्यामुळे एकेका झाडाने दुप्पट फांद्या काढल्या. वेल मात्र एकानेही काढला नाही. फिलिपने एक दिवस पक्कड घेऊन वाटेवरची तार कापली आणि तिथे लाकडी फाटक बसवलं. कुलूप लावलं नाही. तहसीलातला अर्ज होता तिथेच होता. तारीख आली की दोघंही जायचे. पण येताना हल्ली कानिफनाथच्या टेम्पोत बसून यायचे. बांध कुणी फोडला यावर दोघांचं अजून एकमत नव्हतं आणि होईल असंही दिसत नव्हतं.

माघात शेंगा वाळल्या. उन्हात ओढलं तर तडकून दाणे सांडतात म्हणून पहाटेच्या दवातच झाडं उपटली. अंगणात झोडपलं, पाखडलं. मागच्यापेक्षा थोडं जास्तच भरलं. मॅडम आल्या, त्यांनी तीन वाटे केले. एक केंद्रावर, एक दुसऱ्या दोन गावांना, एक इथे. मग त्यांनी चौथी छोटी पुरचुंडी बांधली.

"ही शिजवायला," त्या म्हणाल्या. "शिजवून बघितल्याशिवाय पुढं पाठवता येत नाही. केंद्रावर यंत्र आहे, पण..." त्या दीनाकडे वळल्या. "आधी इथंच करू या का, दीनाताई? आजींचा जुना आणि हा, शेजारी शेजारी."

दोन्ही घेवडे रात्री वेगवेगळे भिजत घातले आणि मॅडम मुक्कामाला राहिल्या. दुसऱ्या दिवशी दीनाने दोन्ही सारखेच केले. कांदा, खोबरं, घरचा मसाला, वरून कोथिंबीर. नवा दोन शिट्ट्यांत झाला. जुना कुकरमध्ये शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला. फिलिपने दोनदा झाकण काढून बघितलं, दाणा दाबला, आणि परत लावला.

सगळे ओट्यावर बसले. दीनाने स्वतःच्या ताटात आधी वाढून घेतलं. घरात असं कधी करत नसे, पण आज केलं. भाकरीचा तुकडा मोडून तिने तो दाण्यांवर टेकवला. दाणा अख्खा दिसत होता, पण दाबला की लोण्यासारखा बसला. तोंडात घातल्यावर साल कुठे लागली नाही. चव ओळखीची होती. पूर्ण ओळखीची नाही. एखाद्या नातेवाईकाचं पोर पहिल्यांदा दारात यावं तशी. तिने दुसरा घास घेतला आणि मग तिसरा. मॅडम तिच्या तोंडाकडे बघत होत्या, तरी तिला बोलायला उसंत नव्हती.

"आजी, तुम्ही सांगा," मॅडमनी शेवटी बनुबाईला विचारलं.

बनुबाईने दोन्ही वाट्यांतलं खाल्लं. हळूहळू, डोळे मिटून. जुन्या घेवड्याचा रस्सा बोटाने पुसून घेतला.

"आमचाच बरा," ती म्हणाली. "ह्याला त्याची सर न्हाई. त्यो दाट, त्याला वास हाय. ह्यो नव्या मान्सांसाठी ठीक."

मॅडमनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं नसावं. त्या वहीत काहीतरी लिहू लागल्या. फिलिप गालात हसला. दीनाने दोन्ही पातेल्यांची झाकणं काढली आणि पळी जुन्या घेवड्यात बुडवून सासूच्या वाटीकडे नेली.

बनुबाईने वाटी मागे घेतली. मग वाटी दुसऱ्या पातेल्यासमोर धरली.

"त्यो वाढ," ती म्हणाली. "दात कुठं राहिल्यात मला?"